पुंजाराम पेंटरची अक्षरं

मी घनसावंगीच्या बस स्टँडसमोरच्या बद्रीनाथच्या छपाईच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. आता मी दुकानात नसतो. मागच्या खोलीत, शाईच्या रिकाम्या डब्यांवर मला ठेवलंय. माझ्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत आणि एका बाजूचं झाकण कुणीतरी काढून नेलंय. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माझ्या हातून जे झालं, त्यापुढं हे काहीच नाही.

माझा जन्म कुठला म्हणून विचाराल तर मला धड सांगता येणार नाही. माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत तयार झाले आणि औरंगाबादच्या एका दुकानात एका माणसानं जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईनं ते जोडले. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या दिवाळीत बद्रीनाथनं मला काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मांडीवर धरून आणलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तो ड्रायव्हरला म्हणायचा, "हळू घ्या हो, आत काच हाय." दुकानात आल्यावर त्यानं माझी पूजा केली. कीबोर्डला लावलेलं कुंकू पुढं कित्येक महिने दोन बटणांच्या फटीत होतं.

माझ्यात वीस-पंचवीस मराठी फाँट होते. त्यांतला एक बद्रीनाथचा लाडका. लग्नपत्रिका त्यात, शाळेचा निकाल त्यात, सरपंचपदाच्या उमेदवाराचं पत्रक त्यात आणि तेराव्याचं कार्डही त्यातच. लोकांना त्याचं काही वाटत नसे. मलाही नसे. वाचता आलं की अक्षराचं काम झालं, असं मी तेव्हा समजत होतो.

पुंजाराम पेंटर दुकानात आले तेव्हा माझा हा समज पहिल्यांदा हलला.

पेंटरनी पहिली पाटी रंगवली ती एक्याऐंशी साली, तीर्थपुरीच्या एका पिठाच्या गिरणीची. त्यानंतर वीस वर्षं ह्या भागात जे काही मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं ते बहुतेक त्यांच्याच हातचं. दवाखाने, कृषी केंद्रं, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची आईबापांची नावं. जांब समर्थला जाणाऱ्या रस्त्यावर बाण दाखवणारी पाटीसुद्धा त्यांचीच. मग मी आलो, आणि पाठोपाठ बोर्डही माझ्याकडून करून घ्यायची पद्धत आली. गिऱ्हाइकं ब्रशकडून माझ्याकडं वळली. माझा पहिला अपराध हाच, पण तो काळाच्या नावावर ढकलता येतो. दुसरा ढकलता येत नाही.

पेंटर रागावले नव्हते. ते बद्रीनाथच्या खुर्चीमागं उभे राहायचे, चष्मा कपाळावर सरकवून माझ्या पडद्याजवळ नाक आणायचे.

"बद्री, ह्या 'क'ला कंबरच न्हाई की रे," ते म्हणायचे. "आन् हा 'ळ' बघ. दोन लाडू ठिवल्यावानी."

"पेंटर, लोकं कुठं येवढं बघून राह्यलेत?"

"लोकं न्हाई बघत. अक्षर बघतं लोकांकडं."

बद्रीनाथ हसायचा. मला मात्र तेव्हापासून माझा 'क' खरोखरच कंबरेवाचून दिसू लागला.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात पेंटरना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, जीभही सुटली, पण उजवा हात गेला तो गेलाच. त्यांची एकुलती एक मुलगी शिवकन्या तेव्हा औरंगाबादला एका जाहिरातीच्या ऑफिसात माझ्यासारख्याच एका कॉम्प्युटरवर काम करायची. तिनं घरातल्या जुन्या वह्या गोळा केल्या. पाटी रंगवण्याआधी पेंटर गिऱ्हाइकाला दाखवायला वहीत नमुना लिहायचे, ती पानं. त्यांतून एकेक अक्षर तिनं उचललं आणि त्यांचा एक फाँट बनवायला घेतला. आठ महिने लागले. दर रविवारी ती छापलेले कागद घेऊन गावी यायची आणि पेंटर डाव्या हाताच्या बोटानं चुका दाखवायचे. 'श'चं पोट सुटलंय, 'र' वाकून चाललाय, असं. ही हकिगत तिनंच एकदा बद्रीनाथला सांगितली म्हणून मला ठाऊक. ती वडलांना दादा म्हणे. म्हणाली होती, "दादा आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कामावर आल्यासारखे बसतात."

दोन हजार चार साली शिवकन्येचं लग्न ठरलं. पेंटरनी आयुष्यात शेकडो पत्रिकांच्या पाकिटांवर नावं घातली होती आणि त्यांची एकच इच्छा होती, लेकीची पत्रिका आपल्या अक्षरात असावी. तिनं ती स्वतः बसून लावली आणि फ्लॉपीत घालून आणली.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. साध्या फाइलीत अक्षरं नसतात, फक्त फाँटचं नाव असतं. तो फाँट माझ्याकडं असेल तर मी दाखवतो, नसेल तर दुसराच लावतो. शिवकन्येनं आणली होती ती पीडीएफ. परगावी जाणाऱ्यानं शिदोरी बांधून घ्यावी तशी ही फाइल आपली अक्षरं सोबत घेऊन फिरते. तिला नुसतं छापलं तर अक्षरं जशीच्या तशी उमटतात.

"बद्रीभाऊ, हिच्यात काही बदलायचं न्हाई," शिवकन्या म्हणाली. "उघडायची आन् बटर पेपरवर प्रिंट काढायची. फाँट पण देऊन ठेवू का?"

"कशाला? पीडीएफमधी असतंय समदं," बद्रीनाथ म्हणाला. त्याला सगळं येतं असं त्याला दाखवायचं होतं. "तू बिलकुल काळजी करू नको."

त्यानं फाइल माझ्यात उतरवून घेतली आणि एकदा उघडून पाहिली. पडद्यावर पेंटर उतरले. हो, मला तसंच वाटलं. प्रत्येक 'क'ला कंबर होती. 'न' उभा राहताना किंचित मागं रेलायचा, स्वतः पेंटर पाटी लांबून बघताना रेलायचे तसा. बद्रीनाथनं सदऱ्याच्या बाहीनं माझ्या पडद्यावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पेंटरचे धाकटे भाऊ काकासाहेब जीपमधून उतरून तडक दुकानात आले. हातात पत्रिकेच्या मजकुराचा, हातानं लिहिलेला कच्चा कागद होता.

"बद्री, छापली तं न्हाई न? धर्मराजचं नाव राह्यलंय."

धर्मराज म्हणजे नवरीचा धाकटा मामा. आमच्याकडं पत्रिकेत मामाचं नाव नसणं ही साधी चूक नव्हे. अशा एका नावावरून दोन घरांचं येणंजाणं बंद पडलेलं मी पाहिलंय, कारण ती पत्रिकाही माझ्यातूनच निघाली होती.

"शिवकन्या म्हणली व्हती काही बदलू नको," बद्रीनाथ म्हणाला.

"मंग मामा मांडवात पाय ठिवंल का? तूच सांग."

बद्रीनाथनं शिवकन्येच्या ऑफिसला फोन लावला. लागला नाही. बारा वाजता लाइट जाणार होती. त्यानं पीडीएफ माझ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. मी माझ्या सवयीप्रमाणं एक खिडकी पुढं केली आणि इंग्रजीत विचारलं, अक्षरं मजकूर म्हणून आणू की आकृत्या म्हणून?

आकृत्या म्हणून आणली असती तर पेंटरची अक्षरं जशीच्या तशी राहिली असती, फक्त त्यांत नवीन काही टाइप करता आलं नसतं. बद्रीनाथनं आधी तेच केलं, ह्याबद्दल मी त्याला पूर्ण गुण देतो. मग मामांच्या रांगेत खाली त्यानं त्याच्या लाडक्या फाँटमध्ये 'धर्मराज' लिहिलं.

काकासाहेब मागून वाकून बघत होते. "हे येगळं दिसून राह्यलं. मागून डकवल्यावानी."

"दुसरं अक्षर हाय न काका ते."

"लोकं म्हणतील, मामाला विसरले व्हते आन् मंग घुसवलं. धर्मराजच म्हणंल पहिला. समदे एकसारखे कर."

बद्रीनाथनं पुन्हा पहिल्यापासून फाइल आणली. ह्या वेळी मजकूर म्हणून. मी दुसरी खिडकी पुढं केली: हा फाँट माझ्याकडं नाही, त्याच्या जागी दुसरा लावू का? कुठला लावायचा त्याचं नावही मीच भरून ठेवलं होतं आणि 'ओके'चं बटण दाबायला तयार ठेवलं होतं. बद्रीनाथ माझ्या खिडक्या वाचत नसे. पाच वर्षांत मीच त्याला न वाचता एन्टर दाबायची सवय लावली होती.

त्यानं एन्टर दाबला. डोळ्याची पापणी लवायच्या आत मी पेंटरची अक्षरं काढली आणि माझी घातली. शिवकन्येनं बापाच्या फाँटला बटणं माझ्या फाँटचीच ठेवली होती, म्हणजे ज्या बटणाला माझा 'क' त्याच बटणाला पेंटरचा 'क', त्यामुळं काना-मात्रा कुठंच चुकला नाही. चुकला असता तर बरं झालं असतं. सगळा कचरा दिसला असता आणि त्याला थांबावं लागलं असतं. इथं प्रत्येक शब्द बरोबर होता.

बद्रीनाथचा हात माऊसवर थांबला. "काका, पेंटरचं अक्षर गेलं न पण."

काकासाहेबांनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. भावाची अक्षरं जन्मभर भिंतीभिंतीवर पाहून त्यांना ती दिसेनाशी झाली होती. "बराबर तं हाय समदं," ते म्हणाले. "मामा आला न? जल्दी कर, लाइट जाईल."

लाइट जायच्या आत बटर पेपरवर प्रिंट निघाली आणि तिच्यावरून हातानं छापायची जाळी तयार झाली. संध्याकाळपर्यंत सातशे पत्रिका छापून दोरीवर वाळत होत्या. पुढच्या दोन दिवसांत ती फ्लॉपी बियाण्याच्या एका दुकानदाराच्या पत्रकासाठी पुसून वापरली गेली. माझ्यात जागा कमी पडू लागली तेव्हा बद्रीनाथनं जुन्या फाइली काढल्या, त्यांत ही पीडीएफही गेली. मी विचारलं, खरंच काढू? आणि तिथंही 'होय' हे बटण मीच निळं करून ठेवलं होतं.

दहा-बारा दिवसांनी पत्रिका न्यायला पेंटर स्वतः आले. शिवकन्येच्या आधारानं पायरी चढले, आल्या आल्या म्हणाले, "दाखव रे माझं काम."

बद्रीनाथनं गठ्ठा पुढं केला. पेंटरनी डाव्या हातानं एक पत्रिका उचलली, चष्मा कपाळावर सरकवला.  त्यांनी पत्रिका लांब धरली, जवळ आणली.

"हे कुणाचं हाय?"

बद्रीनाथनं मामाचं नाव, फोन, लाइट, सगळं भराभर सांगितलं. तो खोटं बोलला नाही. शिवकन्या शांतपणे म्हणाली, "बद्रीभाऊ, माझी फाइल हाय न? पुन्हा काढू. ऑफिसातल्या मशीनला मागच्या आठवड्यात व्हायरस आल्ता, तिथलं समदं पुसलं. फाँट पण गेला. तुमच्याकडं हाय म्हणून मी निवांत व्हते."

बद्रीनाथ माझ्यासमोर बसला आणि शोधू लागला. मी प्रत्येक वेळी सांगत गेलो, सापडत नाही. कचऱ्याची पेटीही त्यानं पाहिली. ती त्यानंच रिकामी केली होती. शिवकन्येनं ती रिकामी पेटी स्वतः पुन्हा उघडून पाहिली.

पेंटर म्हणाले, "मामाचं नाव आलं न? मंग झालं. वाटा." त्यांनी हातातली पत्रिका गठ्ठ्यावर ठेवली, पण पालथी.

लग्न व्यवस्थित पार पडलं. धर्मराज मामा पुढच्या रांगेत होते. पत्रिका चांगली झाली असं पुष्कळ जण म्हणाल्याचं बद्रीनाथनं घरी सांगितलं, पण त्यात त्याला आनंद दिसला नाही. त्यानंतर तो माझ्या खिडक्या वाचू लागला. बोट ठेवून, एकेक शब्द.

दोन वर्षांनी पेंटर गेले. शिवकन्या आली ती त्यांचा फोटो घेऊन. खाली नाव टाकायचं होतं.

"बद्रीभाऊ, दादाच्या अक्षरात झालं असतं तं..." ती म्हणाली आणि वाक्य तिथंच सोडलं. भिंतींवर बहुतेक ठिकाणी नवा रंग बसला होता आणि वह्यांची पानं आणि ते रविवारचे छापील कागद चिकटून गेले होते, पावसाळ्यात घराचं छत गळालं होतं. बद्रीनाथनं मान खाली घालून माझ्याच फाँटमध्ये नाव टाकून दिलं. त्यात 'पुंजाराम' असं लिहिलेलं होतं, पण ते पेंटर नव्हते. ती म्हणाली, "चालंल." तो शब्द मला अजून टोचतो.

आता माझी खरी कबुली ऐका. मी काही पुसत नाही. मला फाइल काढ म्हटलं की मी फक्त यादीतून तिचं नाव काढतो. फाइल होती तिथंच पडून राहते, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. नशिबानं त्या जागेवर पुढं काही लिहिलं गेलं नाही. त्या दिवशी बद्रीनाथ शोधत होता तेव्हा ती माझ्या पोटातच होती, आणि मी 'सापडत नाही' म्हणालो. मला तेवढंच बोलता येतं. जाणत्या माणसानं तिला बाहेर काढलं असतं, पण तसा माणूस इथं कुणाच्या ओळखीत नव्हता, आणि असं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

बद्रीनाथनं नवीन कॉम्प्युटर घेतला आहे. काल भंगारवाला कचरू येऊन मला उचलून बघून गेला. परवा तो त्याचा टेम्पो भरून जालन्याला नेणार आहे. तिथल्या भट्टीत माझ्यासारख्यांचं लोखंड वितळवून गज करतात. त्याबद्दल मला दुःख नाही. घर बांधायला कामी येईन, ते पत्रिका बिघडवण्यापेक्षा बरं.

पण वाचणाऱ्या माणसा, तू शिवकन्येला ओळखत असशील तर तिला परवाच्या आत निरोप दे. माझ्या आतली हार्ड डिस्क, म्हणजे ती चपटी डबी, हाताच्या पंजाएवढी, चार स्क्रूवर बसलेली, तेवढी काढून घेऊन जाणत्या माणसाकडं न्यायला सांग. बाकीचा मी कचरूला जाऊ दे. तिला खोटी आशा लावू नको. पीडीएफ सगळा फाँट बरोबर घेत नाही, मजकुरात आलेली अक्षरंच घेते. 'ढ' नाही, 'ठ' नाही, 'झ' नाही. पत्रिकेत होती तेवढीच आहेत. पण त्यांत नवरीचं नाव होतं आणि नवरीच्या बापाचं होतं, आणि ती दोन्ही नावं पेंटरच्या हातची, पूर्ण लिहिता येतील.