एका काठाचा ठोका

प्रफुलचं बूड सकाळपासून एका जागी टेकत नव्हतं. अंगणातून तलावाच्या पाळीवर, पाळीवरून परत अंगणात. आणि झालं काय होतं, तर कौतुक! लोकांची झोप शिव्यांनी उडते, ह्या गड्याची कौतुकानं उडाली होती.

त्याच्या ‘गाळपेर’ बँडचा पहिला अल्बम, ‘सांडवा’, महिन्यापूर्वी निघाला. ब्रह्मपुरीत नूरुद्दीनच्या घरचं कुलरचं गोदाम आहे. तिथंच भिंतींना कुलरच्या गवती ताट्या ठोकून ह्या दोघांनी स्टुडिओ केला. गिटार आणि गाणं प्रफुलचं, मशीनकाम सगळं नूरुद्दीनचं. गावानं ऐकून नावंच ठेवली. “मिक्सरात खडे टाकले काय गा?” असं चहाच्या टपरीवर तोंडावर विचारलं. नागपूरच्या एका पेपरानं तीन ओळींत गुंडाळलं. आणि काल मुंबईच्या एका समीक्षक बाईंनी दोन पानं भरून लिहिलं, तेही चौथ्या गाण्यावर जीव ओवाळून. ‘रिकाम्या पाण्यावरचा तो एकटा ठोका! इतकं एकटेपण आपल्या रॉकमध्ये कुणी ऐकवलं नव्हतं.’

तिथंच घोडं पेंड खात होतं.

तो ठोका प्रफुलच्या आईचा. तलावात जाळं लावलं की ह्या बाजूनं गिरजाबाई आणि त्या बाजूनं तिचा नवरा धनराज, दोघं आपापल्या डोंग्यात उभं राहून बांबूनं पाणी ठोकतात. मासे दोन्हीकडून बिचकतात आणि मधल्या जाळ्यात शिरतात. पोराला गाण्यात हा आवाज पाहिजे म्हणून धनराजनं जानेवारीच्या थंडीत तीन सकाळी त्याच्यासाठी पाणी ठोकलं. “बराबर आला का गा?” दर वेळी विचारायचा. पण त्याचा ठोका कधी मागं पडायचा, कधी पुढं. गोदामात नूरुद्दीन वैतागला. “यार, काकाचा ठोका बसूनच नाई राह्यला. उडवू का?”

“उडव,” प्रफुल म्हणाला. एका बोटाचं काम. म्हाताऱ्याला काय कळणार आहे, असं त्याला तेव्हा खुशाल वाटलं.

आता म्हातारा ऐकायला मागत होता. मच्छिमार सोसायटीत हिशेब लिहिणाऱ्या पवननं ते परीक्षण सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, आणि धनराज छाती फुगवून घरी आला होता. ह्या माणसानं आजवर पोराच्या गिटारीला ‘ते टिणटिण’ म्हटलेलं. त्याच्या तोंडून एकदा ‘चांगलं हाय’ निघावं, एवढ्यासाठी प्रफुल तीन वर्षं झुरत होता. मुंबईची बाई गेली खड्ड्यात!

“लाव गा,” धनराज ओट्यावर मांडी घालून बसला. “गिरजे, तू बी ये व.”

रेंज नाही म्हणावं, तर गाणं मोबाईलमध्येच. लावावं लागलं.

गिरजाबाईचा ठोका सुरू झाला. धनराजनं मान डोलावली. मग त्याचा हात आपोआप मांडीवर पडायला लागला, स्वतःच्या ठोक्याच्या जागी. एकदा. दोनदा. मोबाईलमधून त्या जागी काहीच येत नव्हतं. पाचव्या वेळी हात उचललेलाच राहिला. गाणं सात मिनिटांचं. प्रफुलला ते बंदही करवेना.

“बाबा, तालात बसत नव्हता तुमचा,” संपल्यावर तो कसाबसा बोलला. “मीच काढाले सांगतलं.”

“तालात कसा बसन? तुह्या मायनं ठोकलं का मी थांबतो. मासा कुठी वळला ते पाह्यतो, मंग मारतो.” धनराज चिडला नव्हता. समजावून सांगत होता, आणि प्रफुलला तेच सहन होईना. “आता हे एकलीच ठोकून राह्यली. सारे मासे माह्या बाजूनं निघून गेले, बापा.”

गिरजाबाई पदरानं तोंड पुसत आत गेली.

धनराज उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. आवाज एकदम खाली आणून म्हणाला, “सोसायटीत कोणाले ऐकवू नोको. मी सांगून बसलो साऱ्याईले, का मी हाओ त्याच्यात.”