आईच्या नऊ फेऱ्या

बाबांच्या जुन्या संगणकाला घरघर लागली होती, म्हणून त्यातली आईच्या चालण्याच्या नोंदींची शीट मोबाइलवर आणायचं काम धाकटीने अंगावर घेतलं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा तिची पावलं मोजून त्यात भरत होते. त्या आकड्यांमधून एक सरळ रेघ काढायची, ती पुढे वाढवायची आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंतची एकशे तीस पावलं कधी जमतील ते बघायचं. शीट हे एका सूत्रात करायची. मोबाइलसाठीच्या प्रोग्रॅममध्ये सरासरी, रेघेचा चढ, सगळं स्वतः लिहावं लागणार होतं, पण धाकटीच्या तो डाव्या हातचा मळ.

बारा दिवसांनी ती नोकरीच्या गावी परतणार होती आणि तिला थांब्यापर्यंत सोडायला जायचंच, असा आईचा हट्ट होता.

शीट म्हणाली, नऊ. प्रोग्रॅम म्हणाला, एकोणीस. तीनदा तपासल्यावर मेख सापडली. बाबांनी सूत्राला तारखा दिल्याच नव्हत्या, आणि तारखा नसल्या की शीट आपली पहिली, दुसरी, तिसरी अशा नोंदी मोजते; प्रोग्रॅमने मात्र तारखांवरून दिवस मोजले होते. अठ्ठावीस दिवसांत नोंदी होत्या चौदाच.

बाबा स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. ती तिथेच त्यांच्यावर घसरली.

"बाबा, आईला खोटी आशा कशाला दाखवताय? निम्मे दिवस गाळलेत तुम्ही!"

"त्या दिवशी तिच्याने उठवलंच नाही गं. रडून रडून झोपली. ते दिवस तिच्या नावावर कशाला मांडू?"

"पण नऊ दिवसांत कसं—"

"दिवस कोण म्हणालं? मी तिला फेऱ्या सांगतो, चालेल त्या दिवशी एक. अजून नऊ फेऱ्या."

एवढी शिकलीसवरलेली, पण उत्तर कशाचं आहे हे तिने विचारलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि बाबा फार फार आवडले. तिने प्रोग्रॅमच्या दोन ओळी बदलल्या: तारखा नसतील तर क्रमाने मोज. नऊ आले.

आई सकाळपासून "आज नको" म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"काय म्हणतं तुझं यंत्र?" तिने न वळताच विचारलं.

"नऊ फेऱ्या. आणि दिवस आहेत बारा, आजचा धरून."

आईने बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे रडायला तीनच दिवस?" ती सावकाश वळली. "बरं, पुरे होतील. हात दे."