इंजिनाच्या अंगात आलं

अड्याळला गिरजाबाईंच्या धानगिरणीपुढे त्या सकाळी धानाचं एकही पोतं नव्हतं. नारळ मात्र शेकड्यानं होते. महिनाभर गिरणीचं डिझेल इंजिन घुमत होतं. सुरू केलं की पायव्यासकट थरथरे, खिडक्या वाजत. पंधरा दिवसांत दोनदा बेअरिंगं झिजली. गावानं ठरवलं, इंजिनाच्या अंगात आलं.

उतारा करायला भैरमबाबा आले.

"ही अतृप्त शक्ती आहे, माय! हिले बाईच्या हाताचा विटाळ झाला! डिझेल पिते अन् रक्त मांगते!"

बाईचा हात म्हणजे सून रेणूचा. ती माझी विद्यार्थिनी. मी आयटीआयत डिझेल मेकॅनिक शिकवतो. लग्नानंतर इंजिन तीच सांभाळायची. बाबांच्या एका शब्दावर गिरजाबाईंनी आठ दिवसांपूर्वी तिला एकोडीला, माहेरी धाडलं होतं. आज ती माझ्यासोबत दाराशी उभी होती आणि बाया पदर सावरून तिच्यापासून बाजूला सरकत होत्या.

बाबांनी इंजिनाभोवती ताडपत्री लावली. आत फक्त ते आणि गिरजाबाईंचा धाकटा भाऊ नंदलाल. गिरणी त्यानंच उभारलेली. दोन तास मंत्र चालले, मधूनमधून लोखंडाचा खणखणाट. मग इंजिन सुरू झालं आणि खरंच, शांत! बाबांनी त्याच्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. थेंब सांडला नाही. लोक जमिनीला डोकं टेकू लागले.

"आता चावी नंदलालच्याच हाती," बाबा गरजले. "सुनेनं उंबरा ओलांडला, तर घरातून प्रेत निघन!"

मी म्हणालो, "इंजिन बंद करा. बाजूचं झाकण उघडून पाहू."

"देव कोपन, सर!" नंदलाल आडवा आला.

"झाकण उघडल्यानं देव कोपतो, तर तुम्ही दोन तास आत पाने-पकडी घेऊन काय करत होता?"

गिरजाबाईंनी भावाच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळं तेल होतं.

"रेणू, खोल झाकण," त्या म्हणाल्या.

आत क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या आसावर, दोन वजनं होती. रेणूनं मोबाइल पुढे केला. "आई, मागच्या डाव बेअरिंग बदलवलं तवा हा फोटो काढला होता. पाहा, एकच वजन आहे. मामाले विचारलं, तर म्हणे या इंजिनाले एकच असते."

तोच फोटो तिनं मला पाठवला होता. म्हणून मी आलो होतो.

मी एक सायकल उलटी उभी केली, मागच्या चाकाला एका बाजूनं दगड बांधला आणि पायडल जोरात फिरवलं. सायकल उड्या मारू लागली. मग समोरच्या बाजूला तेवढाच दगड बांधला. सायकल जागची हलेना.

"क्रँकचंही असंच," मी म्हणालो. "एका अंगाला पिस्टनच्या दांड्याचा भार, त्याच्या समोर तोलाचं वजन. ते काढलं की फेऱ्याफेऱ्याला हिसका बसतो, इंजिन हादरतं, बेअरिंग झिजतं. परत बसवलं की शक्ती शांत!"

लोक सायकल पाहत होते, तेवढ्यात बाबा चपला सोडून पसार झाले.

"काहून केलं, नंदू?" गिरजाबाईंनी विचारलं.

"गिरणी मी उभी केली, बाई. अन् चावी परक्या पोरीले?"

"मांगून पाहाची होती! माय मेल्यावर तुले मी पोसलं. माझ्याच घरात भूत घालून राहिला होता तू?"

नंदलाल खाली मान घालून निघून गेला. गिरजाबाईंनी रेणूचा हात धरायला हात पुढे केला. रेणूनं तो घेतला नाही.

"वजन मामानं काढलं. पण घरातून मले तुम्ही काढलं, आई. एक डाव तरी मले विचारलं असतं."

ती माझ्यासोबतच एकोडीला परतली. दिवाळीनंतर ती गिरणीत आली, चावी घेतली. सासूशी बोलते, कामापुरतंच.

मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर त्याचं कारण विचारा. आणि त्या चमत्काराच्या नावाखाली घरातलं माणूस बाहेर काढायला सांगितलं, तर आधी त्या माणसाचं ऐकून घ्या.