आमच्या बेटाला इंग्रजीचा मास्तर

मे महिन्यात इंग्रजी मास्तरांच्या नेमणुकांची यादी आली आणि आमच्या बेटापुढचा रकाना कोरा! मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. कोराच.

परदेशातून येणारी ही पोरं अर्जात पसंतीची तीन गावं लिहितात. क्योतो, ओसाका, फार तर तोक्यो. आमचं नाव कोण कशाला लिहील? तरी कुणीतरी वाट्याला यायचंच. आताचा फर्गस स्कॉटलंडचा. मागितलं क्योतो, मिळालं आमचं बेट. पहिले तीन दिवस रडला, मग चार वर्षं राहिला. जुलैत तो चाललाय. शाळेत मुलं अकरा. मागे एक वर्ष मास्तर नव्हता, तर परीक्षेच्या धास्तीने दोन घरं बेट सोडून गेली ती गेलीच. आणखी दोन गेली की शाळेला कुलूप, आणि माझी लेक हारुना तेराव्या वर्षी समुद्रापलीकडे परक्यांच्या घरी.

"साहेब, मागणीच्या अर्जात काय लिहिलं होतंत?" मी निशिउरा साहेबांना विचारलं. बेटाच्या शिक्षण खात्यात आम्ही दोघंच.

त्यांनी नक्कल पुढे केली. 'आमचं बेट अगदीच सामान्य. दाखवण्यासारखं काही नाही. आपल्याला त्रास होणार असेल तर आमचा विचार न केला तरी चालेल.'

"अहो, हे काय लिहून बसलात!"

"नम्रपणे लिहायचं असतं, इवानागाबाई. समोरच्याला कळतं."

"जुन्यांना कळायचं! आता प्रांताच्या कचेरीत नवी पोरं आहेत, लिहिलंय तेच वाचतात."

डोक्यात तिडीक गेली. खुर्चीत बूड टिकेना. फोन उचलते, ठेवते, खिडकीशी जाते, परत येते. साहेबांचं एकच, "आज नको, त्यांची धांदल असेल." शेवटी तीन वाजता मी फिरवलाच.

प्रांताच्या कचेरीतली पोरगी म्हणाली, "दोघं मास्तर शिल्लक होते. एकासाठी शेजारच्या बेटाचे गावप्रमुख सकाळी स्वतः येऊन बसले. दुसऱ्याचं उद्या दुपारी ठरेल. पण तुम्हाला खरंच हवाय का? कागदावर तसं दिसत नाही."

"कागद राहू दे, आम्हीच येतो," मी म्हटलं.

सकाळच्या बोटीत साहेब रताळ्याच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन अंग चोरून बसले होते. मी बजावलं, "बोलायचं तुम्ही. लिहिलंत तुम्ही, निस्तरा तुम्ही. म्हणा, आम्हाला मास्तर पाहिजे."

"आम्हाला मास्तर... मिळाला तर बरं होईल, अर्थात अडचण असेल तर..."

"साहेब!"

तासभर हेच. शेवटी मला रडूच कोसळलं. "माझी पोर जाईल हो!"

साहेबांनी डबा बाजूला ठेवला. मग उठले, कठडा धरला आणि समुद्राकडे तोंड करून ओरडले, "पाहिजे! आम्हाला मास्तर पाहिजे!" सगळी बोट वळून बघायला लागली. एकतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने कुणाकडे साधी सुट्टीसुद्धा मागितली नव्हती.

कानापर्यंत लाल होऊन ते खाली बसले. "फार उद्धट वाटलं का हो?"

"फार," मी डोळे पुसत म्हटलं. "तिथेही अस्संच बोला."