गच्चीवरची झडप

माझ्या सासऱ्यांनी गच्चीवर ग्रीनहाऊस उभारलं आणि माझ्या पायांचे हाल सुरू झाले. पहाटेपासून दुपारपर्यंत मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत, वाफेत उभी राहून चादरींना इस्त्री करते. घरी येऊन जरा पाठ टेकावी, तर वरून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास येतो. म्हणजे बाबा छपराची झडप उघडायला पुन्हा विसरले.

ग्रीनहाऊस कसलं, पाइपांचा सांगाडा, वर प्लॅस्टिक आणि आत रोपांचे ट्रे. ऊन चढलं की आतली गरम हवा जायला छपराची झडप उघडायची, संध्याकाळी लावायची. हे मला बाबांनीच शिकवलं, तेही मोठ्या मास्तरांच्या थाटात! आता रोज दुपारी मी जिने चढते, झडप उघडते, माना टाकलेल्या रोपांना पाणी घालते. मागून बाबा येतात, "अरेच्चा, राहिलंच की!" म्हणतात, स्टुलावर बसतात आणि एकेका रोपाची जन्मकथा सुरू करतात. मी जांभया देत हूं हूं करते.

शेवटी मी परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याला फोन केला. "बाबांना काही आठवत नाही रे. आज झडप विसरले, उद्या गॅस विसरतील."

"वृद्धाश्रम बघू या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीतलं मशीन बिघडलं आणि मला यायला बराच उशीर झाला. वर गेले तर टोमॅटोची सगळी रोपं करपलेली. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणतोय आम्ही. तुमच्या काही लक्षातच राहत नाही!"

त्यांनी एक करपलेलं पान खुडलं. मग म्हणाले, "लक्षात असतं गं. सकाळी उघडतो मी झडप. तू यायची वेळ झाली की लावतो."

"का पण?"

"उघडी असली की तू वर येत नाहीस. झोपतेस. झोपावंच, किती दमतेस. पण दिवसभरात माझं कुणाशी बोलणं होतं ते तेवढंच."

"मग आज मला उशीर झाल्यावर तरी उघडायची होती!"

"वाटलं, आत्ता येशील."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण रडूच फुटलं. आणि खरं सांगते, रडतानाही मला फक्त झोपायचं होतं. तरी मी पालथ्या बादलीवर बसले आणि म्हटलं, "बोला बाबा."