बंद खोलीतली खळ

आंधळगावातल्या कुंताबाईंच्या घरचे हातमाग विकले गेले, तेव्हापासून मागाच्या खोलीत त्या भांडी घासायचं लिक्विड बनवतात. मी निवृत्त मास्तर. आमची भिंत एकच. त्यांची नात राखी चौथीत आहे, रोज गणितं सोडवायला माझ्याकडे येते. त्या दुपारी ती दप्तराऐवजी कपड्यांची पिशवी घेऊन आली.

"आजी मले एकोडीले मामाकडे धाडून राहिली, गुरुजी. आता तिकडच्याच शाळेत."

"काहून?"

मागून कुंताबाई आल्या. "घरात सासू फिरते. पोरीले कशी ठेवू?"

आदल्या दिवशी त्यांनी लिक्विड घट्ट करायची नवी पावडर आणली होती. विणकराच्या घरची बाई. सुताला लावायची तांदळाची खळ शिजवावी तशी त्यांनी ती उकळत्या पाण्यात टाकली. खळ आचेवर घट्ट होते. ही झालीच नाही. पाणी पातळ, तळाला पांढरा गाळ. वैतागून त्यांनी बादली उतरवली, ढवळायचा दांडा भिंतीला टेकवला आणि कुलूप लावून बाजाराला गेल्या. चार तासांनी दार उघडलं, तर बादलीभर नितळ, दाट खळ. दांडा मधोमध उभा. त्या घरात खळ घोटायचं काम जन्मभर सासूचं होतं. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

"भूत नाही ते," मी म्हणालो. "पावडर सेल्युलोजची आहे, कापसातल्याच द्रव्याची. तुमच्या खळीच्या उलट वागते. गरम पाण्यात विरघळत नाही. पाणी निवलं की फुगते. बस राखी, दाखवतो. आधी नाकाला रुमाल बांध, भुकटी उडते."

काचेच्या पेल्यात गरम पाणी घेऊन तिनं चमचाभर पावडर टाकली. थोडी खाली सांडली, तशी ती पाणी आणायला उठली.

"पाणी नको. कोरडीच झाड. ओली झाली की फरशी शेवाळासारखी निसरडी होते."

"जहर आहे का, गुरुजी?"

"नुसती पावडर जहर नाही. पण साबण मिसळला की तोंडात, डोळ्यांत जाऊ द्यायची नाही."

पेला खिडकीत ठेवला. राखीनं भागाकार सोडवले. कुंताबाई दाराशी बसून होत्या. तासाभरानं पाणी निवलं. तळाशी जाड, पारदर्शक थर धरला होता.

"बघ. कोणी हात लावला?"

राखीनं पेला तिरपा केला. "खालीच झाली, गुरुजी. वर तं पाणीच आहे."

"आपण ढवळली नाही ना. निवेपर्यंत ढवळत राहिलं, तरच वरपासून खालपर्यंत सारखी होते."

बोलून गेल्यावर मी काय बोललो ते माझं मला कळलं. राखी आजीकडे बघत होती.

"आपल्या बादलीतली तं वरपासून खालपर्यंत सारखीच होती, आजी."

कुंताबाई दारातून उठल्या. म्हणाल्या, "सासू मले आळशी म्हणे. निवेपर्यंत हात थांबवू नको म्हणे." त्यांनी राखीच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःकडे घेतली. "चाल घरी. घोटते तं घोटू दे. पोरीचं काही वाईट करनार नाही ते."

त्या दोघी अंगणात उभ्या राहून किल्ली शोधत होत्या. मी पेला धुवायला उचलला, तेव्हा भिंतीपलीकडच्या बंद खोलीतून बादलीत दांडा फिरल्याचा आवाज येत होता. सावकाश, एका लयीत.