पाठोपाठ

मी पेटी वाजवतो. द हेगच्या कॉन्झर्वेटरीत मास्टर्स करतोय म्हटलं की नातेवाईक विचारतात, पेटी शिकायला युरोपात कशाला गेलास? प्रश्न चुकीचा नाही. पेटी मी सांगलीतच शिकलो, गुरुनाथबुवांच्या गाण्याला साथ करत करत. इथे शिकतो ते सेलो, हार्प असल्या वाद्यांबरोबर, समोर लिहिलेलं वाचून वाजवायला. बाकी सुटीच्या दिवशी मराठी मंडळांच्या कार्यक्रमांना साथीला जातो. त्यात खोलीभाडं निघतं आणि घरचं जेवण मिळतं.

शेवटच्या वर्षी एक जागा निघाली. नवीन संगीत वाजवणारा इथला वादकांचा एक संच आहे, त्यांना कायमचा पेटीवाला हवा होता. वर्षभर दौरे, रीतसर करार. ती जागा मिळाली तर मी वादक म्हणून इथे राहणार होतो. नाही मिळाली तर कोर्स संपल्यावर पुण्यात एखाद्या शाळेत संगीतशिक्षक. शाळेबद्दल माझं वाईट मत नाही, पण मुलांच्या गोंगाटात माझं डोकं फिरतं आणि मग मी वाटेल ते बोलतो.

पहिल्या चाचणीला मला तिघांबरोबर बसवलं. संचाची प्रमुख मरायके ऐकत होती. इथली माणसं तोंडावर बोलतात आणि बोलून झालं की कॉफी विचारतात. मरायके म्हणाली, तुझा कान फार चांगला आहे, पण तू सगळ्यांच्या नंतर येतोस. या रचनेत पुढारी कोणी नाही, चौघांनी एकदम निघायचं असतं, आणि तू कोणीतरी निघायची वाट बघतोस. दोन आठवड्यांनी परत ये. मग तिनं कॉफी विचारली. मी नको म्हणालो.

मला राग आला होता. ती ज्याला खोट म्हणत होती ती माझी अख्खी तालीम होती. साथीच्या पेटीनं गवयाच्या पुढे जायचं नसतं. त्यानं गाण्यातली एखादी जागा घेतली की तिच्या पाठोपाठ, अगदी लगटून, पण मागूनच यायचं. तुम्ही पुढे गेलात तर ऐकणाऱ्याला तुमची चूक दिसतच नाही, त्याला वाटतं गवई मागे पडला. म्हणून बुवांनी सुरुवातीला मला वर्षभर नुसता षड्ज धरून बसवलं होतं. बोटं शिवशिवायची, पण कान तयार झाला.

पण संचातली जागा तर हवी होती. मग मी हट्टाला पेटलो. रेकॉर्डिंग लावायचं आणि त्याच्या मागून नाही, बरोबर यायचं, जमल्यास केसभर आधी. ट्राममध्येही मांडीवर बोटं चालायची. आठवड्याभरात जमायला लागलं. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

त्या रविवारी बेस्ट नावाच्या इथल्या एका गावी मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. राजन पटवर्धन तिथे राहतात, इंजिनिअर आहेत, जवळच आयंडहोव्हनला चिपच्या यंत्रांचं काम करतात. पन्नाशीचा माणूस, पण वर्षभर पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन शिकून त्यांनी बागेश्रीतला एक ख्याल बसवला होता. पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होते. त्यांची आई मुद्दाम पुण्याहून आली होती. मुलगी सानिका पुढच्या रांगेत फोन धरून व्हिडिओ काढत होती.

सकाळी आम्ही एकदा सगळं करून बघितलं होतं, त्यामुळे ते कुठे काय घेणार हे मला पाठ होतं. विलंबित छान झालं. द्रुत सुरू झालं आणि पहिल्याच तानेला राजन अडखळले, समेवर उशिरा आले. दुसऱ्या तानेला तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी तान अर्धीच सोडली आणि गाणं आवरतं घेतलं. नवखा माणूस, घाबरला असेल, असं मला वाटलं. माझं वादन त्या दिवशी चांगलं झालं होतं. टाळ्या पडल्या, घरच्या कार्यक्रमाला पडतात तशा.

नंतर फराळाच्या ताटल्या घेऊन आम्ही उभे होतो. सानिकाला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती इंग्रजी नाहीतर डच. ती व्हिडिओ बघत म्हणाली, "बाबा, यू वेअर लेट. एव्हरी टाइम."

राजन हसून म्हणाले की हो, जरा घाबरलोच. त्यांच्या आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी सानिकाकडून फोन मागून घेतला आणि कानाला लावला. प्रत्येक तानेला पेटी आधी पोचत होती. राजन तान वेळेवर उचलत होते, पण शेजारून आपली तान आधीच आलेली ऐकून त्यांचा तोल जात होता.

स्टेशनवर सोडायला ते गाडी घेऊन आले तेव्हा मी सरळ सांगितलं की चूक माझी होती, मी तुमच्या पुढे गेलो. त्यांना ते पटेना.

"अरे, तू कॉन्झर्वेटरीतला माणूस," ते म्हणाले. "माझाच रियाज कमी पडला. पुढच्या वर्षी ख्यालबियाल नको, एखादं भावगीत बरं."

यात टोमणा नव्हता. असता तर मी सहन केला असता.

दुसऱ्या चाचणीला मी कोणाच्या श्वासाकडे बघितलं नाही. ठरलेला क्षण आला आणि बाकीच्यांबरोबरच निघालो. मरायकेनं तिथल्या तिथे जागा दिली. या वेळी मी कॉफी घेतली, वर केकही खाल्ला. खोटं कशाला सांगू, घरी येईपर्यंत मी ट्राममध्ये एकटाच हसत होतो.

दुसऱ्या दिवशी बुवांना फोन केला. त्यांना मनापासून आनंद झाला. पगार वेळेवर देतील ना, दौऱ्यावर गरम जेवायला मिळेल ना, असं सगळं विचारलं. जानेवारीत सांगलीला त्यांचं गाणं असतं आणि पेटीला मी असतो, इथे आल्यावरही एकदाही चुकवलं नव्हतं. यंदाही रजा काढतो म्हणालो. आणि मग बेस्टला काय झालं तेही सांगितलं, कारण बुवांपासून लपवून त्यांच्या शेजारी बसता येत नाही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुढे गेलास ते कळलं केव्हा?"

"त्यांची मुलगी बोलली तेव्हा."

"वाजवताना नाही?"

"नाही."



"मग जानेवारीत ये," बुवा म्हणाले. "पेटीला अभिराम बसेल. तू समोर बसून ऐक."

ते रागावले नव्हते. अभिराम नवा आहे, हात अजून कच्चा आहे, पण गाणाऱ्यासाठी थांबतो, एवढं म्हणाले. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि मला रडू आलं. इतकी वर्षं मी बुवांच्या डाव्या हाताला बसलो. गाताना त्यांचा चेहरा समोरून कसा दिसतो, मला माहीत नाही.